सहा रुपयांचं ताट

आमच्या खानावळीला नाव नव्हतं. वसमतच्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या फाटकासमोर पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं कडुनिंबाखाली काढलेली एक पडवी, एवढाच तिचा पसारा. सकाळचे सौदे आटोपले की हमाल उपरण्यानं घाम पुसत फाटकातून बाहेर पडायचे आणि एकमेकांना म्हणायचे, चला गयाबाईकडं. गयाबाई म्हणजे माझी माय. पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या लेकानं रंगीत पाटी करायला घेतली आणि तिच्यावर आजीचा फोटो छापायचा म्हणून हट्ट धरला. माय म्हणाली, आधी माझे पोळलेले हात छाप, मग तोंडाचं बघू. ती पाटी काही झाली नाही. लोक अजूनही गयाबाईकडंच जेवायला येतात, आणि वाढायला मी असते.

त्या घरातले आवाज मला अजून क्रमानं आठवतात. आधी चुलीत घालण्यासाठी पळाट्या मोडल्याचा कडकडाट. कापूस वेचून झाला की झाडांच्या वाळक्या काड्या उरतात, त्या पळाट्या. आमचं सगळं जळण तेच. मग काटवटीत गरम पाण्याचं पीठ मळतानाचा माझ्या हातांचा चपचप आवाज. आणि मग मायच्या भाकरी थापण्याचा, एकसारखा, न थकणारा, मध्ये फक्त बांगड्यांची किणकिण. मी सकाळच्या कॉलेजातून दहाच्या सुमारास घरी यायचे, वह्या फडताळात कोंबायचे आणि काटवटीपुढं बसायचे. पीठ मळणं आणि उंडे तोडणं हे माझं काम. उंडा म्हणजे एका भाकरीपुरता पिठाचा गोळा. तो मी मायकडं सरकवायचा, तिनं थापायचा, तव्यावर टाकायचा, पाणी फिरवायचं, उलटायचा आणि आरावर फुगवायचा. दुपारपर्यंत टोपलं भरून साठावर भाकरी व्हायच्या. सोबत तुरीचं घट्ट वरण, कधी आंबाडी, कधी वांगी, कधी येसराच्या मसाल्याची झणझणीत आमटी, आणि ताटाच्या कडेला करडीच्या तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी. आज मोठमोठ्या हॉटेलांत ज्वारीची भाकरी 'आरोग्यदायी' म्हणून टोपलीत रुमाल घालून आणतात. मला हसू येतं. आमच्याकडं ती आरोग्यासाठी नव्हती, पोत्यासाठी होती. क्विंटलाचं पोतं पाठीवर घ्यायचं तर पोटात तेवढं काहीतरी पाहिजे.

भाकरी मोजायची नाही, हा मायचा नियम. ज्याला जितक्या पाहिजेत तितक्या घ्याव्यात. पण हमाल माणूस तुडुंब जेवत नाही, जेवून उठल्यावर लगेच वाकायचं असतं. म्हणून प्रत्येकाचा आकडा वर्षानुवर्षं ठरलेला असे. कुणाच्या तीन, कुणाच्या साडेतीन, तांड्यावरून आलेल्या जवान धावजीच्या चार. आपल्या आकड्याला माणूस थांबायचा आणि वर कितीही आग्रह केला तरी ताटावर हात आडवा धरायचा. ही गोष्ट पुढं माझ्या फार उपयोगाची ठरली, आणि त्याचीच मला आजही लाज वाटते.

माझे वडील, अण्णा, हेही याच टोळीतले हमाल. मी शाळेत असताना ट्रकवर पोती चढवताना पायाखालची फळी सरकली आणि अण्णा पाठीवर पडले. जीव वाचला, पाठ गेली. टोळीनं वर्गणी काढायचं ठरवलं. पण अण्णा वर्गणीला हात लावणार नाहीत हे मुकादम इमामचाचाला पक्कं ठाऊक होतं. इमामचाचा म्हणजे टोळीचा म्होरक्या, अण्णांपेक्षा दहा वर्षांनी मोठा, मेंदी लावलेली दाढी आणि गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी. एका दुपारी तो पंधरा माणसं घेऊन आमच्या दारात उभा राहिला आणि मायला म्हणाला, भाबी, हॉटेलचं खाऊन पोटाची तकलीफ झाली, उद्यापासून आम्ही इथंच जेवणार, ताटामागं सहा रुपये टाकणार. तेव्हा बसस्टँडवर ताट पाचाला मिळत होतं. वरचा रुपया कशाचा ते तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं आणि कुणीच बोललं नाही. अशी आमची खानावळ सुरू झाली.

पैसे कुणी हातात देत नसे. पडवीत अण्णांच्या बाजेजवळ वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा ठेवलेला असे. जेवण झालं, हात धुतला, की ज्यानं त्यानं पाचाची नोट आणि एक नाणं डब्यात टाकायचं आणि चालू लागायचं. नाणं पडल्याचा टण्ण आवाज झाला की अण्णा तोंड फिरवून रस्त्याकडं बघायचे. दररोज, प्रत्येक नाण्याला. जेवण कसं झालं हेसुद्धा त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांना रस्त्यावरच्या गाड्या बघायला आवडतात. एवढी मोठी होऊन मी एवढी मठ्ठ होते.

इमामचाचाच्या हाताबद्दल सांगायला पाहिजे. पोतं काट्यावर ठेवायच्या आधी तो नुसतं कोपऱ्याला धरून हलवायचा आणि वजन सांगायचा. व्यापारी हसायचे, काटा लावायचे आणि गप्प व्हायचे. पोत्यात दोन किलो कमी असलं तरी त्याला कळायचं. अण्णांचाही हात तसाच होता म्हणे, पण तो हात आता बाजेवर पडून भाजी निवडत असे, शेंगा फोडत असे. टोळीतल्या प्रत्येकाच्या हातात थोडाफार काटा होताच. असल्या माणसांच्या ताटाशी मी जे केलं ते दुसऱ्या कुठल्या गिऱ्हाइकाशी केलं असतं तर कदाचित कधी उघडही झालं नसतं.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि तेल चढलं. मग तूर चढली, मग ज्वारी. अण्णा तेल आणायला काठी टेकत जायचे ते तास-तासभर यायचे नाहीत. तीन दुकानांत भाव विचारून शेवटी पहिल्याच दुकानातून आणलेलं असायचं. माय हिशोबाची वही ठेवत नसे, तिचा हिशोब वारांचा होता. डब्यातल्या पैशांतून सोमवारी ज्वारी घ्यायची, बुधवारी तेल आणि किराणा, आणि शनिवारी उरेल ते घरचं. दिवाळीनंतर शनिवारी डब्यात हात घातला की बोटांना तळ लागायला लागला. कमाईपेक्षा ताट जड झालं होतं. एका शनिवारी डबा पालथा करून ठेवत मायनं साध्या आवाजात सांगून टाकलं की शिमग्यापर्यंत असंच चाललं तर चूल विझवायची आणि हट्ट्याला मामाच्या गावी जायचं. तिथं ती लोकांच्या शेतात निंदायला जाईल. माझ्या कॉलेजाचं ती काही बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती, हट्ट्यात कॉलेज नव्हतं.

मग रोज जेवताना घरात एकच विषय. माय म्हणायची, भाव वाढवावा लागेल. अण्णा घास तसाच ठेवायचे. एकदा म्हणाले, "कोणाला वाढवायचा भाव? ज्यायनं मला उचलून दवाखान्यात नेलं, त्यायला?" पण मायला नुसतं अण्णांनीच अडवलं नव्हतं, तिच्या डोक्यात तिची स्वतःची भीती होती. बसस्टँडजवळ नवं हॉटेल निघालं होतं, सात रुपयांत ताट, वर पंखा. आपण आठ केले आणि पंधराची पंधरा माणसं तिकडं गेली तर? आणि फाल्गुनात नवी ज्वारी येऊन भाव उतरला तर? चढवलेला भाव खाली आणता येत नाही, आणि नाही आणला तर लोकांना तोंड दाखवता येत नाही. थांबून बघावं, तर थांबायला घरात काही शिल्लक नाही. मी सुचवलं की वरण थोडं पातळ करू. माय म्हणाली, पातळ वरण आजारी लेकराला देतात. अण्णांनी सुचवलं की स्वस्तातली हायब्रीड ज्वारी अर्धी मिसळावी. मायनं एक भाकरी करून बघितली, काळपट झाली, ती तिनं स्वतःच खाल्ली आणि विषय मिटवला. शेवटी शेंगदाण्याची चटणी तेवढी बंद झाली. पंधरा माणसं ताटाच्या रिकाम्या कडेकडं एकदा बघून जेवायला लागली. कुणी विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं.

मी तेव्हा कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला. आमचे सर शिकवायचे की खर्च वाढला की धंदेवाल्यापुढं दोन वाटा असतात, भाव वाढवायचा नाहीतर माल कमी करायचा. उदाहरण साबणाच्या वडीचं द्यायचे. किंमत तीच, कागद तोच, आतली वडी दर वर्षी थोडी बारीक. गिऱ्हाइकाला कळतही नाही. मला ते फारच हुशारीचं वाटलं. आमच्या भाकरीला तर कागदसुद्धा नव्हता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. आमच्या घरी बैल नव्हता, म्हणून ते माझ्या लक्षात आलं नसावं. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक उंड्यातून बोराएवढं पीठ काढून बाजूला ठेवायला लागले. आठ उंडे झाले की काढलेल्या पिठाचा नववा व्हायचा. भाकरी थापताना तेवढीच रुंद होते, जराशी पातळ, एवढाच फरक. माणसं आपल्या आकड्याला थांबणार, वर एक मागणार नाहीत, हे मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. पहिला उंडा मायकडं सरकवला तेव्हा तिनं तो उचलला, हातातल्या हातात एकदा फिरवला, थोडी थांबली. मग थापायला लागली, आणि कड नेहमीपेक्षा जास्त पसरवली. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं नाही.

ज्वारी पुरायला लागली. पहिल्या शनिवारी डब्यात काही नोटा उरल्या. माय काही म्हणाली नाही, मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. असे तीन आठवडे गेले. मग एक दिवस चारच्या सुमाराला मी डोक्यावर दळणाचं टोपलं घेऊन मोंढ्यातून गिरणीकडं निघाले होते. फाटकाशी फुटाण्याचा गाडा उभा असे, त्याच्याभोवती आमची निम्मी टोळी उभी होती. हमाल दुपारी चहा पितात, फुटाणे खात नाहीत. फुटाण्यांनी तहान लागते. मी विचारलं तर धावजी ओशाळवाणं हसला. म्हणाला, "काय करावं शोभाताई, आजकाल चारलाच पोट बोलून राहिलं. थंडी हाय म्हणून आसंल." आणि माझ्या ओंजळीत मूठभर फुटाणे घातले. त्यानं थंडीला दोष दिला. आमच्या भाकरीला दोष द्यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ते फुटाणे मी गिरणीपर्यंत मुठीत घट्ट धरून नेले आणि तिथल्या शेळीला घातले.

दुसऱ्या दिवशी मी उंडे पूर्ववत केले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. मी केले नाहीत. शनिवार दोन दिवसांवर होता आणि मला हट्ट्याला जायचं नव्हतं. माणूस वाईट असावा लागत नाही, शनिवार जवळ असला की पुरतं.

शुक्रवारी दुपारी टोळी जेवायला बसली. मी वाढत होते. इमामचाचानं टोपल्यातली भाकरी उचलली, पण ताटात ठेवली नाही. उजव्या तळहातावर आडवी धरली आणि डोळे मिटले, पोत्याचं वजन सांगताना मिटायचा तसे. सगळ्यांचे हात थांबले. मग त्यानं ती भाकरी शेजारच्या माणसाकडं दिली, त्यानं पुढच्याकडं, आणि हातोहात ती बाजेवर बसलेल्या अण्णांपर्यंत पोचली. इमामचाचा एवढंच म्हणाला, "दत्तू, बघ जरा."

अण्णांनी ती तळहातावर घेतली. इतक्या वर्षांत त्या हातानं काहीही तोललं नव्हतं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला तरी माय ती उलटत नव्हती. अण्णा चुलीकडं वळून म्हणाले, "गया, उंडा कोण तोडतं?"

"मीच," माय म्हणाली.

मी आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "माय खोटं बोलून राहिली. उंडे मी तोडते. मीच कमी केले. तीन हप्ते झाले."

अण्णा माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ती भाकरी अलगद बाजेवर ठेवली आणि रस्त्याकडं तोंड फिरवलं, डब्यात नाणं पडल्यावर फिरवायचे तसं. मला तेव्हा लख्ख कळलं की ते इतकी वर्षं गाड्या बघत नव्हते.

इमामचाचा मायकडं वळला. रागावलेला नव्हता. "मला पैल्याच दिशी कळलं, भाबी," तो म्हणाला. "मी वाट बघून राहिलो. आमी यापाऱ्याकडं दर साली हमाली वाढवून मागतो. समोर बसून मागतो. त्यानं न्हाई म्हणलं तर पोतं अर्धं उचलतो का आमी? आन् ज्वारीचा भाव तर आमच्या पाठीवरून जातो. सौदा होतो तवा तितंच उभे असतो आमी, तुमच्या दुकानदाराच्या आधी आमाला ठाऊक. दिवाळीपासून म्हणतो, भाबी आज बोलतील, उद्या बोलतील. तुमी बोलत काहून न्हाई?"

मायनं डोक्यावरचा पदर सारखा केला. ती हमालांशी कधी चार शब्दांपुढं बोलत नसे. "त्यो भाव तुमी दिलेला हाय," ती म्हणाली. "कुणी दिलेल्यावर वाढवून कसं मागावं?"

बहुतेक इमामचाचालाही हे आजवर सुचलं नव्हतं. सगळी टोळी पाच वर्षं ज्या रुपयाबद्दल बोलली नव्हती तो रुपया मायनं चुलीपुढं बसून सरळ मधोमध ठेवला होता. मग तो म्हणाला, "दिला व्हता तवा दिला व्हता. तवा दत्तू पडला व्हता. आता हे तुमचं काम हाय. कामाचा भाव काम करणाऱ्यानं बोलायचा."

करपलेली भाकरी मायनं उचलून बाजूला ठेवली, हाताचं पीठ झटकलं. आम्ही तिघं गेले तीन महिने ज्या आकड्याभोवती घिरट्या घालत होतो तो ती बोलेल की नाही, मला खात्री नव्हती.

"आठ," माय म्हणाली.

सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या तर मला ही आठवण सांगायला सोपी गेली असती. पण आठ म्हणजे आठ, हमालाला दोन रुपये दोन रुपयेच असतात. धावजी चाचरत म्हणाला, "बसस्टँडवर सात हायेत, काकू. पंखा बी हाय." आणि इमामचाचानं त्याला गप्प केलं नाही. मायनं त्याच्याकडं बघून सांगितलं, "तितं भाकर मोजून तीन देतात. माझ्याकडं मोजत न्हाई. उंडा उद्यापासून पैल्यासारखा. न्हाई पटलं तर तितं जाऊन ये, मी रागावणार न्हाई." कुणीतरी विचारलं, नवी ज्वारी आल्यावर भाव पडला तर ताट पुन्हा सहाचं करणार का. तिथं मला वाटलं माय आता हो म्हणेल. तिचा स्वभावच तसा. पण तिनं विचार करून नाही म्हटलं. भाव उतरणार नाही. मात्र तेल उतरलं की शेंगदाण्याची चटणी परत येईल, हे ती आज सगळ्यांसमोर सांगते आहे. इमामचाचानं मान हलवली आणि भाकरी मोडली. त्या दिवशी मी ताटावर आडवा धरलेला एकही हात मानला नाही, प्रत्येकाला आकड्यापेक्षा एक जास्त वाढली. आणि त्या दिवशी डब्यात सहाच पडले, कारण नवा भाव उद्यापासून, असं मायनंच ठरवलं.

तीन माणसं गेली. त्यात धावजीही होता. आठव्या दिवशी तो परत आला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, तिथं भाकरी वाढणारा बोटांवर मोजतो. आणखी एक जण महिनाभर पंख्याची हवा खाऊन परतला. तिसरा कायमचा गेला, तेही खरं आहे. शिमग्याला चूल पेटलेली होती. आषाढात तेल उतरलं आणि चटणी परत आली, आधीपेक्षा जरा तिखट, कारण मायला आता ती द्यायला हुरूप आला होता.

आता धंदा माझा लेक बघतो. गॅसचा सिलेंडर, कामावरच्या पोरांचे पगार, पॅकिंगचे डबे, सगळं तो फोनवर मांडतो आणि त्याचा हिशोब माझ्या कॉमर्सपेक्षा कितीतरी पक्का आहे. डब्याच्या जागी भिंतीवर चौकोनी छाप चिकटवलेला आहे, लोक त्याच्यापुढं फोन धरतात आणि शेजारच्या छोट्या यंत्रातून एका बाईचा आवाज रक्कम सांगतो. मागच्या महिन्यात तो म्हणाला, आई, ताटाचा भाव वीस रुपयांनी वाढवावा लागेल, गुपचूप भावाचा बोर्ड बदलून टाकतो, कोण बघतंय. हिशोब बरोबर होता, वीसच वाढवायला पाहिजे होते. मी म्हटलं, बोर्ड बदल, पण आठ दिवस आधी प्रत्येक ताटाला स्वतः जाऊन सांग, आणि का तेही सांग. शिकलेल्या पोराला भाव काढता येतो, पण तो माणसाच्या तोंडाकडं बघून सांगायचा म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटते. त्यानं सांगितलं. पाचव्या दिवसापर्यंत त्याला त्यात मजा वाटायला लागली होती.

पण मला त्या शुक्रवारनंतरचा शनिवार लिहायचा आहे. अण्णा माझ्याशी रात्रभर बोलले नव्हते. सकाळी मी काटवटीपुढं बसले आणि पहिला उंडा तोडला, तर काठीचा आवाज आला. अण्णा पडवीतून आत आले, भिंतीला धरून हळूहळू माझ्या शेजारी पाटावर बसले आणि हात पुढं केला. मी उंडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो तोलला आणि परत दिला. "थोडा वाढव." मी चिमूटभर पीठ लावलं. "आता बराबर." दुसरा उंडा, तिसरा. दहाव्या उंड्यानंतर ते काही बोलेनासे झाले, नुसते हातात घेऊन मायकडं सरकवायला लागले, आणि मधला हात त्यांचा झाला. माय थापत होती. तिनं एकदाच वर बघितलं. पुढं जवळजवळ अकरा वर्षं, त्यांचा हात चालत होता तोवर, आमच्या घरातला प्रत्येक उंडा त्यांच्या तळहातावरून गेला. मी त्यांची माफी मागितल्याचं मला आठवत नाही. बहुतेक ते सगळं तिथंच पिठात मळलं गेलं.

दुपारी टोळी आली, जेवली. आधी इमामचाचा उठला. हात धुतला, लुंगीच्या गाठीतून पैसे काढले आणि डब्याशी वाकला. पाचाची नोट, आणि मग तीन नाणी एकामागं एक. इतकी वर्षं टण्ण असा एकच आवाज व्हायचा, त्या दिवशी तीनदा झाला. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहिले. सवयीनं अण्णांची मान रस्त्याकडं वळायला निघाली आणि मध्येच थांबली. ती हळूच परत फिरली. त्यांनी वाकून डबा जवळ ओढला, आपल्या पायाशी नीट सरळ ठेवला, आणि इमामचाचाच्या मागं उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडाकडं बघत विचारलं, "आज वरण कसं झालं व्हतं?"